एकशे बारा पानांपर्यंत

७ जानेवारी

शेपटे,

घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. अकरा वर्षांनी पाकिटावर ताईचं अक्षर दिसलं की मनात पहिलं तेच येणार, म्हणून आधीच सांगून टाकते. मी धडधाकट आहे. तुझे भावोजीही आहेत. निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालत फिरतात. आमचं एकही दार आता वाजत नाही, त्यामुळे कोण कधी मागं येऊन उभं राहिलं ते कळत नाही.

पत्राला कारण काही नाही. दोन पुस्तकं वाचली आणि त्यांच्याबद्दल बोलायला माणूस नाही, एवढंच. भावोजींना सांगायला गेलं तर ते एकच प्रश्न विचारतात, "शेवट चांगला आहे का?" हो म्हटलं की समाधानानं मान हलवतात आणि तेलाची बुधली उचलतात.

पहिली कादंबरी. होड्या बांधणाऱ्या एका घराण्याची. चारशे पानं ही माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि शेवटच्या दहा पानांत भराभर गळ्यात पडतात. लेखकाला बहुतेक गाडी पकडायची होती. राग काय असा उतरतो? मला तर वाचताना लाज वाटली. पुस्तकाची शिवण मात्र पक्की होती, चारशे पानांत एक दोरा सैल नाही.

दुसरं पुस्तक खरंखुरं, एका माणसाच्या नोंदींचं. तीस वर्षं हा गृहस्थ रोज सकाळी एका तळ्यावर जाऊन पक्षी मोजतो. मधे एक वर्ष असं येतं की एकही पक्षी उतरत नाही. तरी हा रोज जातो, वहीत तारीख घालतो आणि पुढं शून्य लिहितो. तीनशे पासष्ट शून्यं छापली आहेत, पानंच्या पानं. आधी मला हसू आलं. मग वाटलं, शून्य लिहायलासुद्धा रोज उठून तिथवर जावं लागतं.

आठवतं का गं, शेपटासारखी माझ्यामागं फिरायचीस तेव्हा मी पुस्तकं शिवता शिवता वाचायची आणि आवडलेल्या पानात चिठ्ठी घालून ठेवायची. तू शाळेतून आलीस की त्याच चिठ्ठीवर खाली स्वतःचं मत ठोकून द्यायचीस. "ताई, हा माणूस खोटारडा आहे." दहा वर्षांची होतीस आणि बहुतेक वेळा तुझं बरोबर असायचं.

ग्रंथालयाकडून अकरा पुस्तकं दुरुस्तीला आली आहेत. दहा झाली.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

ताई


२२ जानेवारी

शेपटे,

उत्तर नाही. ठीक आहे. तारीख घातली, शून्य लिहिलं.

भावोजी म्हणाले, "अगं, हे पत्र आहे की पुस्तक-परीक्षण?" मी म्हटलं, तुम्ही टपालपेटीत टाका, वाचू नका. "मी कुठं वाचलं? तू लिहिताना मोठ्यानं बोलतेस," म्हणाले. तेव्हा जे काही लिहीन ते दोघांनी ऐकलेलं आहे असं समज.

एका डॉक्टरचं पुस्तक वाचलं, आठवणींबद्दल. तो म्हणतो, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. प्रत्येक वेळी बाहेर काढताना आपण ती थोडी नव्यानं बनवतो. दोन भाऊ एकाच घरात वाढतात आणि दोघांना लहानपण वेगवेगळं आठवतं, दोघंही प्रामाणिकपणे. मला हे फार पटलं. त्या पानात चिठ्ठीच घातली.

आता पटलं म्हणून सांगते. तुझ्या गोष्टींच्या त्या वहीचंसुद्धा तसंच असू शकेल. तू पंधरा वर्षांची होतीस आणि रडत होतीस. मी वीस वर्षांची होते आणि माझ्यासमोर शिवायचा ढीग होता. पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दी कागदाची पट्टी लावावी लागते, हे तुला लहानपणापासून माहीत. ढिगात एक वही होती. मी ती कापली आणि पट्ट्या लावल्या. तुझी वही आहे हे मी बघितलं नव्हतं. तेव्हाही हेच सांगितलं होतं, आजही हेच सांगते. पण तू तुझ्या पुस्तकात वेगळं लिहिलंस, छापलंस आणि वर एक प्रत मला पाठवलीस. त्यावर मी जी एक ओळ लिहून धाडली, "पुस्तक मिळालं, पुन्हा लिहू नकोस", ती मला चुकीची वाटत नाही. तू अक्षरशः ऐकलीस, तो तुझा हट्ट.

दुसरं पुस्तक पत्रांतून लिहिलेली कादंबरी होती. एक बाई आपल्या मैत्रिणीला पत्रांवर पत्रं लिहिते. ती खोटं बोलते आहे हे मला तिसऱ्या पानावरच कळलं. लेखकानं ते कळायला शंभर पानं घेतली. आधी आणि फार ठासून सांगते ना, तिथंच पकडली जाते.

इथं थंडी आहे. खळ लवकर सुकत नाही.

ताई


३ फेब्रुवारी

शेपटे,

पहिल्या पत्रात म्हटलं होतं की कारण काही नाही. कारण होतं. अकरावं पुस्तक तुझं आहे.

डिसेंबरात ग्रंथपालबाईंनी गठ्ठा आणून ठेवला. त्या नव्या आहेत, त्यांना आपलं नातं माहीत नाही. तुझं पुस्तक सगळ्यात वर होतं, पाठ पूर्ण निघालेली, पानं सुटलेली, दोरीनं बांधून आणलेलं. म्हणाल्या, "हे आधी द्या हं. सतरा जण रांगेत आहेत."

मी म्हटलं, "इतकं काय आहे त्यात?"

"म्हणजे? तुम्ही वाचलं नाहीत? बाइंडरच्या घरातलीच गोष्ट आहे. मला वाटलं तुम्ही सगळ्यांच्या आधी वाचलं असेल!"

मी आधी केलं नाही. सगळ्यात खाली ढकललं. महिनाभर ते तिथं पडून होतं आणि मी तुला होड्या नि पक्षी लिहीत बसले. परवा ग्रंथपालबाईंचा तिसरा निरोप आला, तेव्हा दोरी सोडली.

बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. पानं मोजल्याशिवाय सुई हातात धरायची नाही. मी नुसते आकडे बघत होते, अक्षरांवर नजर जाऊ देत नव्हते. ते जमतं, चाळीस वर्षांची सवय आहे. एकशे बारावं पान आलं. ते पान मी कुठूनही ओळखीन. शेवटची ओळ मला पाठ आहे: "तिला माहीत होतं. मला पहिलं अक्षर तिनंच गिरवायला लावलं, ती माझं अक्षर ओळखणार नाही?" अकरा वर्षांपूर्वी इथंच मी पुस्तक मिटलं. आपटलं म्हण. ट्रंकेत टाकलं आणि पुढचं पान उलटलंच नाही.

पण मोजणारा हात थांबत नाही, उलटलं. एकशे तेरा. पहिला शब्द दिसला, "ताईनं". मी झटकन त्यावर फडकं टाकलं. म्हटलं वाचायचंच तर स्वतःची प्रत वाचावी, दुकानाचं दार उघडं ठेवून नाही. वर घरात गेले, ट्रंक उघडली, तुझी सही असलेली प्रत काढली. एकशे बारा काढलं, उलटलं.

पुढं सत्त्याण्णव.

पुन्हा बघितलं. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सगळं परत एकदा, एकशे बारापर्यंत. आणि त्यानंतर एकदम एकशे एकोणतीस. सोळा पानांचा एक फर्मा दोनदा शिवलेला आणि पुढचा गायब. कुठल्या तरी कारखान्यातल्या माणसानं दोन ढिगांत हात घातला आणि चुकीचा उचलला. अशी चूक आमच्या धंद्यात होते, म्हणूनच मोजायचं असतं. जन्मभर लोकांची पुस्तकं मोजली. बहिणीनं पाठवलेलं तेवढं मोजलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी जमिनीवर बसले होते, तर भावोजी मागं येऊन उभे. दार वाजलं नाही ना. "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, सोळा पानं कमी आहेत.

"मग आहेत कुठं?"

"खाली. टेबलावर."

"मग जा की," म्हणाले, आणि ट्रंकेच्या बिजागरीला तेल घालायला बसले.

अजून गेलेले नाही. उद्या वाचते.

ताई


४ फेब्रुवारी

शेपटे,

दुकानाचं दार लावून वाचलं.

"ताईनं सगळी वही फाडली नाही." हे पहिलं वाक्य. म्हणजे तुला ती चार पानं मिळाली होती! एवढी वर्षं मला वाटत होतं की ती शाळेतच कुठंतरी पडली. मी तुझ्या दप्तरात भूगोलाच्या पुस्तकात सरकवली होती आणि आठवडाभर तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू अवाक्षर काढलं नाहीस. मीही नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि आपण दोघी एकाच सुंभाच्या.

तू लिहिलं आहेस की ताईनं ती पानं का ठेवली हे तुला कधी कळलं नाही. सांगते. ती रेल्वेच्या फाटकवालीची गोष्ट होती. गाडी निघून गेलेली, दोन्हीकडे लोक ओरडताहेत आणि ती फाटक उघडत नाही. तिथंच पान संपलं, पुढं तू लिहिलंच नव्हतंस. माझ्या हातात कात्री होती, निम्म्याहून जास्त वही कापून झाली होती, तेव्हा नजर त्या चार पानांवर पडली, आणि मला कळायला हवं होतं की ती बाई फाटक का उघडत नाही. गोष्ट अर्धी होती म्हणून माझा हात थांबला. मनात दया वगैरे काही नव्हती, उगाच मोठेपणा देऊ नकोस.

आज एकशे एकविसाव्या पानावर कळलं. फाटकाचा दांडा अडकला होता आणि ते कबूल करायची तिला लाज वाटत होती! म्हणून ती छाती काढून उभी, जणू वरून हुकूम आहे. मी एकटीच मोठ्यानं हसले. मग हसू थांबलं, कारण ती बाई कोण हे मला नीट दिसलं.

तेव्हा आता ऐक. मला माहीत होतं. वही ढिगात नव्हती, खिडकीत होती, तुझ्या उशीखाली दाबलेली. मी ती काढली आणि वाचली. बाबांची बोटं त्या वर्षी वळेनाशी झाली होती. मला कॉलेज सोडून त्यांच्या जागी बसवलं होतं, आणि तू समोर खिडकीत बसून लिहीत असायचीस. मला तुझा हेवा वाटायचा, शेपटे. तसं म्हणायला एकेचाळीस वर्षं लागली. वहीत एका पानाच्या अगदी तळाशी लिहिलं होतं, "ताईच्या हातांना खळीचा आंबट वास येतो." त्यापुढं मी वाचलं नाही. कात्री घेतली.

डॉक्टरच्या पुस्तकाबद्दल जे लिहिलं ते मागं घेते. पुस्तक चांगलं आहे, मी माझ्या सोयीनं वाचलं.

मला क्षमा कर. त्या होड्यावाल्यांसारखी शेवटच्या दहा पानांत नको, तुझ्या सवडीनं कर. पण मी मागितली आहे हे तुला ठाऊक असू दे.

ग्रंथालयाची प्रत शिवून झाली. मेण लावलेला दुहेरी दोरा घातला आहे. सतरा काय, सत्तर जणांनी वाचलं तरी सुटणार नाही.

ताई


२ मार्च

शेपटे,

तुझं कार्ड आलं. भावोजी ते हातात धरून जिन्यावरून असे आले की मला वाटलं पडतात आता. एकच ओळ. "वहीची पानं कुठल्या पुस्तकांत गेली, सापडतील?"

ना "प्रिय ताई", ना "कशी आहेस". चिठ्ठीवर मत ठोकलंस आणि मोकळी झालीस. मी ते कार्ड दिवसभर एप्रनच्या खिशात ठेवलं होतं, आता त्याला खळ लागली आहे.

सापडतील का? दुसरं कुणी विचारलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण बाबा शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत शिसपेन्सिलीनं साल, महिना आणि क्रमांक घालायचे ना, अगदी बारीक, जणू चोरून. त्यांच्या जागी बसल्यावर मीही तसंच घालायची. ते साल मला माहीत आहे, महिनाही माहीत आहे. विसरायचा प्रयत्न केला तरी माहीत आहे.

ग्रंथपालबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "तळघरातली जुनी पुस्तकं आम्ही काढून टाकतोय. पुढच्या महिन्यात लगद्याला जाणार. कुठली हवीत?" मी म्हटलं, आतून पुठ्ठा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मग सगळं सांगितलं. तू कोण, मी कोण, कात्री कुणाच्या हातात होती. त्यांनी हातातली यादी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे एकशे बारावं पान... त्या तुम्ही?"

"त्या मी."

"मी तुमचा फार राग केला होता हो," म्हणाल्या आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला.

आठ दिवस आम्ही दोघं तळघरात जातोय. भावोजी बॅटरी धरतात, मी पुठ्ठे उलटते. तीन पुस्तकं मिळाली आहेत. एका शब्दकोशाचा दुसरा भाग, पहिलं पान नसलेली एक बुटकी कादंबरी आणि जमीन मोजण्याबद्दलचं एक जाडजूड पुस्तक.

ते जमिनीचं काल वाचत बसले, काय करू, सवय. त्यात एक गोष्ट फार आवडली. साखळीनं मोजताना दोन्ही टोकांना माणूस उभा लागतो. एकट्यानं कितीही हुशारी केली तरी साखळी सैल पडते आणि माप खोटं येतं.

पाठी अजून उघडलेल्या नाहीत. पातं हातात घेते आणि परत ठेवते. बाबांसारखी बोटं नाहीत हं, नुसती भीती आहे.

ताई


१९ मार्च

शेपटे,

बुटक्या कादंबरीची पाठ उघडली.

कोमट पाण्यात फडकं पिळून पाठीवर ठेवायचं आणि वाट बघायची. खळ आपलीच, पिठाची, त्यामुळे सुटते. मी तेव्हा सरस वापरला असता तर सगळं संपलं होतं. तासाभरानं कोपरा उचलला. निळी शाई दिसली आणि मी भावोजींना हाक मारली. ते तेलाचे हात पुसून आले, आणि पहिल्यांदाच शेवट चांगला आहे का असं विचारलं नाही.

वही पुस्तकाच्या उंचीइतकीच रुंद होती, म्हणून मी पानं आडवी कापली होती. त्यामुळे पट्टीवर चार ओळी सलग आहेत. पानाच्या माथ्यावरच्या. मी तुझ्यासाठी जशाच्या तशा उतरवते, पट्टी टपालात घालायचा मला धीर नाही:

"आणि तो खळीचा वास आला की मला कळतं,
ताई आहे, आता काही भीती नाही.
आमच्या वर्गात कुणाच्याच ताईच्या हातांना
असा वास येत नाही. मी त्यांना सांगणार आहे."

ती ओळ पानाच्या तळाशी होती, शेपटे. वाक्य पुढच्या पानावर पुरं होत होतं. मला फक्त पान उलटायचं होतं.

दोनदा झालं हे माझ्या हातून. एकदा वीस वर्षांची असताना आणि एकदा पन्नाशीत. दोन्ही वेळा तूच लिहिलेलं, दोन्ही वेळा मी तळाशी थांबले, आणि दोन्ही वेळा पुढं माझीच बाजू घेतलेली होती. जन्मभर मी स्वतःला वाचणारी बाई म्हणवून घेतलं!

खूप रडले. भावोजी शेजारी बसून होते. शेवटी म्हणाले, "आता हे लिहिणारीला बोलव. नुसती पत्रं पाठवून मी दमलो."

तर मुद्द्याचं. जमिनीचं पुस्तक आणि शब्दकोश तसेच ठेवले आहेत. त्यांच्या पाठी रुंद आहेत, आत बरंच काही असेल. ग्रंथपालबाईंनी ती दोन्ही यादीतून काढली आहेत, आता ती आपली. मी एकटी उघडणार नाही. कागद वर उचलताना दुसऱ्या कुणीतरी खालून पातं सरकवत न्यायचं असतं, आणि तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. लहानपणीही होता, मी कबूल करत नव्हते.

सापडतील ती पानं मी ओळीनं लावून शिवीन. सापडणार नाहीत तिथं कोरे कागद घालीन, तशी आमच्याकडे पद्धतच आहे, पान पुढं कधी मिळालं तर चिकटवायला जागा राहते. कोरं किती राहील ते सांगता येत नाही. बरंच राहील. तुला आठवलं तर तू भर, नाही आठवलं तर नवीन लिही. माझ्याबद्दल काय वाटेल ते लिही.

सकाळची गाडी दहाला पोचते. भावोजी स्टेशनवर येतील, तुला ओळखू येतील, कपड्यांवर तेलाचे डाग असलेला एकच माणूस असेल. मी दुकानात असेन. दार वाजणार नाही, पण काळजी करू नकोस, आत आलीस की वासावरून कळेल.

मला खूप बोलायचं आहे. पण आधी तू बोल. या वेळी शेवटच्या पानापर्यंत ऐकते.

ताई